पण त्याला विचारलं का?

आमच्या अंबडात कुणाच्या घरी लग्नाची बैठक बसली आणि हणमंतराव वकील सहज म्हणून ओसरीवर येऊन टेकले, की घरचा कर्ता त्यांना पान देऊन लौकर वाटेला लावायला बघायचा. माणूस वाईट म्हणून नव्हे. माणूस सोन्यासारखा. पण मानपान ठरले, देणंघेणं ठरलं, सुपारी फुटायची तेवढी राहिली, की हे महाराज खिशातले फुटाणे तोंडात टाकत विचारणार, "समदं झ्याक झालं. पण पोरीला विचारलं का?"

झालं! बैठक अशी गप्प व्हायची, की आत चुलीवर तडतडणारी फोडणी बाहेर ऐकू यावी. मंग कुणी खोकायचं, कुणी पानाचं तबक पुढं सरकवायचं, आणि एखादा म्हातारा म्हणायचा, "वकीलसाहेब, पोरीला काय कळतंय?" त्यावर हे शांतपणे म्हणायचे, "तेच तर विचारून बघू." एकदा खरोखरच एका पोरीनं आतून ठणकावून सांगितलं, "न्हाई पसंत." त्यानंतर बरेच दिवस हणमंतरावांना कुठल्या बैठकीचं बोलावणं आलं न्हाई. त्यांचं काही अडलं न्हाई. ते बोलावण्याशिवाय जायचे.

एका घरी जावळ होतं. न्हाव्याच्या पुढ्यात मामाच्या मांडीवर बसवलेलं पोर गावभर ऐकू जाईल असं बोंबलून राह्यलं होतं. हणमंतराव म्हणाले, "अरे, त्याला विचारा तरी." मामा वैतागून म्हणाला, "वकीलसाहेब, ते अजून बोलत न्हाई!" हे म्हणाले, "बोलून तर राह्यलंय केवढ्यानं! नको म्हणतंय. आता आणखी कसं सांगावं त्यानं, स्टॅम्पवर?"

ह्या सवयीचा पहिला प्रसाद त्यांच्याच घरी मिळायचा. वकिलीणबाई म्हणजे यमुनाबाई, अंगानं बारीक पण जिभेनं खणखणीत. हणमंतराव दुपारी चार पक्षकार जेवायला घेऊन आले, की त्या चौकटीत उभ्या राहून एवढंच विचारायच्या, "मला विचारलं का?" आणि कचेरीत कुणाचं न ऐकणारा हा सहा फुटी माणूस अंगणात सगळ्यांसमोर दोन्ही कान धरून उभा राहायचा. पक्षकार खाली बघायचे. बाई हसू दाबत पिठाच्या डब्याकडं वळायच्या. मी शेजारचाच, त्यामुळं हा तमाशा मला फुकट बघायला मिळायचा.

मी तेव्हा कचेरीत पेशकार होतो. पेशकार म्हणजे मुन्सफसाहेबांच्या, म्हणजे न्यायाधीशांच्या, खाली बसून खटले पुकारायचे, कागद पुढं ठेवायचे, आणि साहेबांचा राग इतरांच्या आधी आपण खायचा. निजामाचं राज्य. कचेरीचं कामकाज उर्दूत, भांडणं मराठीत आणि शिव्या दोन्हींत. हणमंतराव काळ्या शेरवानीत यायचे, खाली धोतर, डोक्यावर उंच टोपी, आणि शेरवानीचं वरचं बटण कायम गायब. हैदराबादेहून आलेल्या नव्या मुन्सफसाहेबांनी पहिल्याच दिवशी त्या बटणाकडं बोट दाखवलं. हणमंतरावांनी गळ्यापाशी चाचपून बघितलं आणि म्हणाले, "हुजूर, काल होतं." काल नव्हतं. मी साक्षीला आहे.

गावानं त्यांना नाव ठेवलं होतं, 'येड्यांचा वकील'. त्यांना त्याचं काही वाटत न्हवतं. उलट कुणी नवखा घर विचारीत आला, तर ते स्वतःच सांगायचे, "येड्यांचा वकील ना? मीच तो. बसा. तुमी कुण्या बाजूचे?"

नाव पडलं ते उगीच न्हाई. जमाना असा होता, की घरात एखादा भोळसट, एखादी मधूनच हसणारी सून, एखादा सगळं विसरणारा म्हातारा असला, की भाऊबंद कचेरीत अर्ज द्यायचे. ह्याला मजनून ठरवा, म्हणजे वेडा ठरवा, आणि आम्हाला ह्याचा वली, म्हणजे पालक नेमा. तिथं बसून बसून मला एक गोष्ट कळली. ज्याच्याजवळ काही न्हाई, त्याला वेडा ठरवायला कुणी कचेरीपर्यंत आणीत न्हाई. मळा असला, विहीर असली, की मंग चुलत्यांना काळजी वाटायला लागते. अशा सगळ्यांच्या बाजूनं एकच माणूस उभा राहायचा, आणि त्याचं बटण गायब असायचं.

आमच्या पेठेतले मोतीलाल शेट, पिढ्यान् पिढ्या अंबडातच राहिलेले मारवाडी, त्यांना एकदा राहवलं न्हाई. म्हणाले, "वकीलसाब, ह्या पागल लोकांच्या वकिलीत तुमाला मिळतं तरी काय?"

हणमंतराव म्हणाले, "आराम मिळतो, शेट. बाकीच्या पक्षकारांना रात्रभर खोटं शिकवावं लागतं. ह्यांना फक्त फुटाणे द्यायचे."

का करायचे हे सगळं, ते मला शेवटपर्यंत कळलं न्हाई. मी तीनदा विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एकदा म्हणाले, ह्या पक्षकारांकडं दुसरा वकील येत न्हाई म्हणून गर्दी नसते. एकदा म्हणाले, यमुनाबाईंनी सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "पेशकार, उद्या आपल्यावर पाळी आली तर?" आणि एवढ्या जोरात हसले, की मला ती थट्टाच वाटली.

त्यांची काम करायची रीतही जगावेगळी. पक्षकाराला घेऊन कचेरीच्या आवारातल्या कडुलिंबाखाली जमिनीवर बसायचे. मधे रुमालावर फुटाणे. तो बोलला तर बोलायचे, तो गप्प तर हेही गप्प. एकेक दुपार दोघं नुसते फुटाणे खात बसलेले मी खिडकीतून बघितलेत. बाकीचे वकील हसायचे. आणि कुणी पक्षकारासमोर "हा येडा" म्हणालं, की हे लगेच उठून ओळख करून द्यायचे, "ह्ये अमुकराव. आणि आपण कोण?" समोरचा ओशाळायचा. ज्यांना उभ्या जन्मात 'अरे'शिवाय कुणी हाक मारली न्हाई, त्यांना हणमंतराव 'अहो' म्हणायचे.

निंबवाडीच्या भिवालाही त्यांनी पहिल्या भेटीत "या भीमराव" म्हटलं, तेव्हा भिवा मागं वळून बघायला लागला, कोण मोठा माणूस आला म्हणून.

हा भिवा म्हणजे तिशीतला गडी, अंगानं धिप्पाड, मनानं लेकरू. निंबवाडी अंबडपासून कोसभर. माय होती तोवर तिनं त्याला सांभाळलं, शेत बटईनं दिलं, सगळं बराबर चाललं. माय गेली आणि चुलतभाऊ दाजिबाला काळजी वाटायला लागली. भिवाचा मळा दाजिबाच्या मळ्याला लागून, आणि विहीर भिवाच्या बाजूला. दाजिबानं अर्ज केला. भिवाला मजनून ठरवा, मला वली नेमा, आणि ह्याला हैदराबादला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायची परवानगी द्या. म्हणजे शेत गेलं, घर गेलं, आणि भिवा पण गेला.

ज्या वर्षी पुढं दुसरी मोठी लढाई सुरू झाली, त्या वर्षीचा उन्हाळा. कचेरीत पंख्याची दोरी ओढणारा गडीसुद्धा पेंगत होता. पहिली साक्ष मोतीलाल शेटची. शेट म्हणाले, "हुजूर, हा भिवा माझ्या दुकानातून गूळ घेतो आणि बाहेर बसून कुत्र्याला चारतो. शाणा माणूस असं करेल का?"

हणमंतराव उठले. "शेट, रोज सकाळी वेशीबाहेर मुंग्यांच्या वारुळावर साखर कोण टाकतं?"

"मी टाकतो. तो आमचा धरम आहे."

"बराबर. मंग साखर टाकली तर धरम, आन् गूळ टाकला तर येडेपणा? कुत्र्याचं काही चुकलं का, शेट?"

शेटनाच हसू आलं. भला माणूस होता, फक्त साक्षीला चुकीच्या बाजूला उभा होता.

मंग सरकारी दवाखान्याचे डॉक्टर उभे राहिले. म्हणाले, ह्या माणसाला साधी तारीख सांगता येत न्हाई. मुन्सफसाहेब सज्जन गृहस्थ. म्हणाले, आपण समोरच बघू. "पूछो, आज क्या तारीख है?" मी भिवाला मराठीत विचारलं, "आज काय तारीख हाये?"

भिवा हसून म्हणाला, "आज बाजार हाये."

बाजार नव्हता. कचेरी खो खो हसली. दाजिबाच्या वकिलानं टेबलावर थाप मारली, "लिहून घ्यावं, हुजूर!" माझ्याही मनात आलं, संपलं. भिवाला मात्र सगळे हसले ह्याचा आनंद झाला. तोही हसायला लागला.

हणमंतराव सावकाश उभे राहिले. "हुजूर, माझा पक्षकार चुकला. कबूल. आता कचेरीनं बरोबर तारीख सांगावी, म्हणजे मी त्याला पाठ करून घेतो."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी सरकारी फसली कॅलेंडर बघून सांगितलं, "खुर्दादची पाच." डॉक्टर म्हणाले, "छे, दहा एप्रिल!" त्यांच्या औषधाच्या पेट्या जालन्याला रेल्वेनं यायच्या, त्यांचं सगळं इंग्रजी तारखेवर. साहेब आपल्या हिजरी हिशेबानं सहज म्हणून गेले, "सफर की बीस." त्यांचा कारकून अदबीनं उठला, "गुस्ताखी माफ, हुजूर. हमारे इधर चाँद एक दिन बाद दिखा था. उन्नीस." शेट मागून बोलले, "वैशाख बदी छठ." हे ऐकून दाजिबा उसळला, "वैशाख कुठला आणला, शेट? अजून चैत सरला न्हाई! चैत वद्य पंचमी आज!"

"छठ!"

"पंचमी!"

"अरे, पौर्णिमा झाली की आमचा वैशाख लागतो!"

"तुमचा लागत आसंल, देवाचा न्हाई लागत!"

अर्जदार आणि त्याचाच साक्षीदार भर कचेरीत एकमेकांच्या अंगावर धावून जायला निघाले. शिपायानं मधे पडून दोघांना दोन टोकांना बसवलं. साहेब कपाळाला हात लावून बसलेले. आणि हणमंतराव? ते फुटाणे खात उभे होते.

सगळं शांत झाल्यावर म्हणाले, "हुजूर, एका छपराखाली एवढ्या तारखा निघाल्या. त्यांत माझ्या पक्षकाराची एक. आता ह्यांतल्या कुणाकुणाला वली नेमायचा, तेवढा हुकूम व्हावा."

साहेब एवढे हसले, की त्यांना चष्मा पुसावा लागला. हसणं थांबल्यावर हणमंतराव मात्र गंभीर झाले. मी त्यांना तसं क्वचितच बघितलंय. म्हणाले, "भीमराव शहाणे आहेत असं मी म्हणत न्हाई, हुजूर. त्यांना तारीख येत न्हाई, हिशेब येत न्हाई. माय त्यांना बाजाराच्या दिवशीच अंबडला आणायची, म्हणून अंबड म्हणजे बाजार, एवढंच त्यांना ठाऊक. पण घर त्यांचं आहे. शेत त्यांचं आहे. आपलं माणूस कोण आणि परकं कोण, हे त्यांना कळतं. शहाणपण मोजून जमिनी वाटायच्या ठरवल्या, तर अर्धा तालुका मोकळा करावा लागंल."

साहेब मान हलवीत होते. हणमंतरावांनी मंग पुढची तजवीज मांडली, आणि काय सुरेख मांडली! भिवाची थोरली बहीण कौसा बदनापूरला दिलेली, मायाळू बाई, नवरा रेल्वेत. तिला वली नेमावं. शेत बटईनंच राहावं. भिवानं बदनापूरला बहिणीकडं जाऊन राहावं, निंबवाडीच्या घराला कुलूप लावावं. कौसा पदर डोळ्याला लावून "व्हय, व्हय" म्हणत होती. दाजिबाच्या वकिलानंसुद्धा कागद गुंडाळायला घेतले. साहेबांनी लेखणी उचलली. मी म्हटलं, वा, काय मार्ग काढला!

आणि मागून आवाज आला, "मला न्हाई इचारलं."

भिवा उभा राहिला होता. सगळी कचेरी त्याच्याकडं बघून राह्यली. तो हणमंतरावांकडं बघत होता, रागानं न्हाई, नुसता नवल वाटल्यासारखा. पुन्हा म्हणाला, "मला न्हाई इचारलं तुमी."

मी हणमंतरावांकडं बघितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओसऱ्यांवर जाऊन जो प्रश्न त्यांनी टाकला, तो आज ते स्वतःच विसरले होते. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला. मंग त्यांनी खिशातला हात बाहेर काढला, मुन्सफसाहेबांसमोर, वकिलांसमोर, चपराश्यासमोर दोन्ही कान धरले आणि म्हणाले, "चुकलो, भीमराव. आता विचारतो. तुमाला कुठं ऱ्हायचं?"

"मपल्या घरी."

"बहिणीकडं का न्हाई?"

"आक्का लई चांगली हाये. पर चंद्री दुसऱ्याच्या हाताला दूध देत न्हाई. आन् मायच्या घरात दिवा कोण लावील?"

साहेबांनी विचारलं, "ये चंद्री कौन है?"

"म्हैस, हुजूर," मी म्हणालो.

साहेबांनी उचललेली लेखणी खाली ठेवली. मंग हुकूम सांगायला लागले, आणि मी लिहून घ्यायला लागलो. दाजिबाचा अर्ज खारीज. घर आणि शेत भीमरावांच्याच नावावर. बहीण कागदपत्रापुरती वली, आणि भीमराव राहतील त्यांच्या घरी. पुढं त्यांच्याबद्दल काहीही ठरवायचं झालं, तर आधी त्यांना विचारावं. एवढं सांगून साहेब हसत म्हणाले, "और भैंस को भी." ते मी लिहिलं न्हाई.

दुसऱ्या दिवसापासून भिवा रोज सकाळी चरवीभर दूध घेऊन कोसभर चालत हणमंतरावांच्या दारात यायचा. यमुनाबाईंनी पहिल्या दिवशी चरवीकडं बघितलं आणि नवऱ्याला विचारलं, "मला विचारलं का?" पण ह्या वेळी उत्तराची वाट न बघता त्यांनी दूध ओतून घेतलं आणि रिकाम्या चरवीत भाकरी-चटणी घालून दिली.

वर्षं गेली. यमुनाबाई गेल्या. निजामाचं राज्य गेलं. कचेरीतले कागद हळूहळू उर्दूतून मराठीत यायला लागले, आणि त्याच सुमारास हणमंतरावांचं डोकं मागं सरायला लागलं. आधी टोपी विसरायचे, मंग घर. एकदा माझ्याच दारात येऊन मला विचारलं, "इथले पेशकार कुठं गेले?" मी म्हणालो, "येतील एवढ्यात, बसा." बसले. आम्ही दोघं माझी वाट बघत बसलो. सांगतो हसत, पण त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई.

मंग त्यांचा मुलगा मधुकर हैदराबादहून आला. गुणी मुलगा, सरकारी नोकरीत. वडिलांना घेऊन जायचं, घराला कुलूप लावायचं, असं ठरवून आला होता. ओसरीवर आम्ही बसलो, मी, मोतीलाल शेट, आणखी दोघं-तिघं. हणमंतराव खाटेवर मधोमध, शेरवानी घालून, बटणं वरखाली लावलेली. आम्ही त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलत होतो. तिकडचं पाणी मानवेल का, गाडी जालन्याहून किती वाजता, इथं बघणार कोण. मधुकरचे डोळे भरून येत होते. त्याला सुद्धा आनंद होता थोडाच! शेट म्हणाले, "हेच ठीक आहे." मी पण म्हणालो, "ठीकच आहे."

भिवा चरवी घेऊन केव्हा आल्ता, कुणाला कळलं न्हाई. पायरीवर उभा राहून तो ऐकत होता. केस पिकायला लागले होते त्याचे. तो म्हणाला, "त्यास्नी इचारलं का?"

 मोतीलाल शेटनी मान खाली घातली.

भिवानं चरवी खाली ठेवली, हणमंतरावांच्या पुढ्यात जमिनीवर बसला, कनवटीचे फुटाणे काढून रुमालावर मांडले आणि वाट बघत राहिला. हणमंतरावांनी एक फुटाणा उचलला, मंग दुसरा.  बऱ्याच वेळानं भिवा म्हणाला, "वकीलसाहेब, तुमाला कुठं ऱ्हायचं?"

हणमंतरावांनी त्याच्याकडं बघितलं. ओळखलं की न्हाई, देव जाणे. म्हणाले, "हितंच. मपल्या घरी." आणि थोडं थांबून, "कामून? कुणी नेऊन राह्यलं का मला?"

मधुकर उठला, वडिलांच्या पायाशी बसला आणि त्यानं दोन्ही कान धरले. पोर बापावर गेलं होतं, तेव्हा मला कळलं.

मंग सगळी तजवीज पुन्हा झाली, आणि ह्या वेळी एकेक गोष्ट विचारून विचारून. जेवण माझ्या घरून. दुपारी शेटचा धाकटा येऊन बसणार. मधुकर सणासुदीला येणार. भिवा म्हणाला, सकाळी चंद्रीच्या लेकीची धार काढली की दिवसभर मी हितंच. चंद्री जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिची लेकही दुसऱ्याच्या हाताला दूध देत न्हवती.

त्यांना मी शेवटचं नीट असं बघितलं, ते एका सकाळी. मी दारात दात घाशीत उभा. समोरून दोघं येत होते. हणमंतराव शेरवानी, टोपी, सगळ्या इतमामात. भिवानं त्यांचा हात धरलेला, दुसऱ्या हातात रिकामी पिशवी.

मी विचारलं, "एवढ्या सकाळी कुठं, वकीलसाहेब?"

हणमंतराव माझ्याकडं बघून म्हणाले, "अहो, कुठं म्हणून काय विचारता? आज बाजार हाये."

बाजार नव्हता. बाजाराच्या मैदानावर दुकानाचं एक पाल सुद्धा लागलेलं नसणार, हे मला ठाऊक होतं. भिवाकडं बघितलं, तर तो हसून म्हणाला, "हाये की. चला येता का?"

मला विचारलं होतं. मी तोंड धुतलं, घरात जाऊन पिशवी घेतली आणि त्यांच्या मागं निघालो.